किती नव्हे, कुठल्या रूपात

आमच्या सरांइतका संशयी आणि तितकाच सज्जन माणूस अंबडच्या अख्ख्या औद्योगिक वसाहतीत दुसरा नसेल. प्रयोगशाळेत ते माझे वरिष्ठ. काही कारखाने यीस्टला सेलेनियम हे खनिज खाऊ घालून त्याच्या पौष्टिक गोळ्या करतात. त्या यीस्टमधलं सेलेनियम बाहेर काढून ते कुठल्या रूपात आहे हे ओळखायचं, हे आमचं काम. प्रथिनांत मुरलेलं असेल तर उत्तम, कच्चंच राहिलं असेल तर माल नापास. ‘किती आहे’ हे काय, कुणीही आम्लात उकळून सांगेल, असं सर म्हणत. उकळलं की रूप मोडतं, म्हणून एन्झाइम घालून, कोमट पाण्यात, तासन्‌तास वाट बघत काढायचं. ही सवय त्यांच्या अंगात इतकी भिनली होती, की गर्दीच्या द्वारका चौकात मागचे रिक्षावाले हॉर्न बडवत असतानाही त्यांची स्कूटर कोमटच चाले. यंत्राच्या आलेखावर प्रत्येक रूपाचं एक शिखर उमटतं; ते ओळखीच्या नमुन्याशी जुळल्याशिवाय त्याला नाव द्यायचं नाही, हा नियम माणसांनाही लागू. एका लग्नात “ओळखलंत का?” विचारणाऱ्या गृहस्थांना ते म्हणाले, “जुळतंय, पण खात्री नाही.” ते त्यांचे सख्खे साडू होते.

गेल्या वर्षी विंचूरच्या एका छोट्या कारखानदाराचं यीस्ट आलं. त्याची पहिली मोठी ऑर्डर आमच्या अहवालावर अडकली होती. मला भाचीच्या हळदीला जायची घाई. पाणी जरा जास्तच तापवलं, नळ्यांची झाकणंही सैल राहिली. आलेखात मुख्य शिखर खुजं आणि शेजारी एक नको ते शिखर, म्हणजे माल नापास. निकाल न्यायला तो स्वतःच आलेला. “साहेब, माल खराब हाय का?” त्याने दारातूनच विचारलं. सरांनी मला बाजूला घेऊन पाणी किती तापवलं होतं ते विचारलं. मी खरं सांगितलं आणि बोलणी खायच्या तयारीने उभी राहिले. ते त्याच्याकडे वळले.

“मालाचं अजून काही सांगता येत नाही. नमुना माझ्याकडून बिघडला. परत करतो, चार दिवस द्या.”

सावकाश केलेल्या दुसऱ्या खेपेत ते नको असलेलं शिखर नव्हतंच. त्याची ऑर्डर वाचली. सरांना मात्र कार्यालयाकडून समज देणारं पत्र आलं.

यंदा ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात, ती चूक माझी होती हे सगळ्यांसमोर सांगायला मी उभी राहिले. सर हळूच म्हणाले, “बस गं, चहा निवतोय.” मी बसले. आता अहवालांवर माझी सही असते, आणि त्या दिवशी आपण बसायला नको होतं, असं फार वाटतं.