आप्पांचं मागाहून येणारं हसू

कानांनी ऐकू न येणाऱ्या माणसाला नाटकाला न्यायचं, ही कल्पना माझ्या आत्याची. कुंभकोणमहून तिचं पत्र आलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. पन्नासच्या दशकातली गोष्ट, नेमकं साल विचारू नका.

आम्ही तंजावरचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. वडील, म्हणजे आप्पा, शाळेत गणित शिकवायचे. विषमज्वरात त्यांचे दोन्ही कान गेले आणि पाठोपाठ नोकरीही. आपला आवाज किती चढतो ते त्यांना कळेना, लोक वळून बघायचे, म्हणून आठ महिने त्यांनी चारचौघांत तोंडच उघडलं नव्हतं. घरातही आई पाटीवर लिहायची आणि ते नुसती मान हलवायचे. मला त्या पाटीचा अगदी राग यायचा.

आत्याने लिहिलं होतं, ‘दादाचे डोळे शाबूत आहेत ना? रविवारी दुपारी खेळ आहे. या.’ आईने ते पाटीवर लिहून दाखवलं, आप्पांनी पुसलं. तिने पुन्हा लिहिलं, त्यांनी पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा लिहिल्यावर ते उठून धोतर बदलायला गेले.

शनिवारी सकाळी पॅसेंजर गाडी पकडली. आज बस तासा-दीड तासात पोचवते, तेव्हा कोळशाचे कण डोळ्यांत घेत पापनाशम, स्वामीमलै, दारासुरम अशी थांबत थांबत गाडी जायची. डावीउजवीकडे भाताची खाचरं. जाणार असाल तर खिडकी सोडू नका, मीही सोडली नव्हती. स्टेशनवरून जटका, म्हणजे तिकडची घोडागाडी, करून आत्याकडे, आणि पोचल्या पोचल्या पितळी वाटीतली वाफाळती कॉफी. ती कॉफी अजून मिळते, अवश्य प्या.

रविवारी सकाळी तिरुवलंचुळीचा पांढरा गणपती पाहून आलो. त्याला पाण्याचा अभिषेक नसतो, अंगावर कापराची पूड वाहतात. आप्पांनी हात जोडले.

दुपारी तमिळ नाटकाचा, नारळीच्या झापांचा मंडप. जमिनीवर बसायचं तिकीट चार आणे. आत गेलो आणि आत्याने कपाळावर हात मारला. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, मध्ये कमरेएवढ्या उंचीवर ताणलेला दोर!

“अय्यो, हें माझ्या ध्यानांतच राहिलें नाहीं!” ती म्हणाली.

त्यात बाजूंनी पडदे सोडलेले, उजेड फक्त रंगमंचावर. पाटी आणली होती, पण वाचणार कशी? आई थेट दोराला खेटून बसली. पलीकडे आप्पांना बसवलं, दोराखालून त्यांचा हात ओढून मांडीवर घेतला आणि तळहातावर बोटाने लिहायला लागली. रस्त्यात नवऱ्याच्या चार पावलं मागून चालणारी माझी आई!

“अगो वहिनी, लोक बघताहेत!” आत्या कुजबुजली.

“बघूं देत. बघायलाच आलेत की.”

नाटकात एक चिकट वरपिता होता. त्याने विनोद केला, मंडप हसला आणि शांत झाला. आईचं बोट चाललं होतं. ते थांबलं आणि त्या शांततेत आप्पा एकटेच गडगडून हसले. नट दचकला. सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. आप्पांनी ते पाहिलं, चेहरा उतरला, आणि ते उठायला लागले. आता हे उठले की परत कधी घराबाहेर पडणार नाहीत, एवढं मला कळत होतं. पण आईने हात सोडलाच नाही.

बॅटरी घेऊन मंडपाचा माणूस आला. “अम्मा, ही बायकांची बाजू आहे, हात सोडा,” असं त्याने तमिळमध्ये फर्मावलं.

आईही तमिळमध्येच म्हणाली, “ह्यांना ऐकू येत नाही. लिहून संपलं की सोडते.”

तो बॅटरी विझवून रंगमंचाच्या मागे सांगायला गेला. पुढचा विनोद झाला, हशा ओसरला, आणि वरपिता कमरेवर हात ठेवून आमच्या दोराकडे पाहत उभा राहिला. आईचं बोट थांबलं, आप्पा हसले. नटाने त्यांना वाकून नमस्कार केला आणि बोलणं पुढे सुरू केलं! मंडप नुसता हसून कोसळला.

आप्पा भर मंडपात मराठीत ओरडले, “आतां काय म्हणटलें त्याने?”

आईने लिहिलं, ‘काही नाही. तुमच्यासाठी थांबला.’

शेवटी एक लांबलचक गाणं होतं. गाणं काय लिहिणार? तरी आईचं बोट चालूच होतं.

सोमवारी घरी परतलो. संध्याकाळी शेजारी ओट्यावर जमले आणि आप्पांनी सगळं नाटक सांगितलं, वरपित्याच्या नकलेसकट, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. एका काकूंनी पाटीवर विचारलं, ‘गाणं कसलं होतं?’

“तें मला काय ठाऊक!” आप्पा गरजले. “ही एकच वाक्य परत परत लिहीत होती, ‘तुम्ही हसलांत, मला आणखी कांहीं नको.’”

आई जी आत पळाली ती रात्रीच्या जेवणापर्यंत बाहेर आली नाही. आप्पांचे कान परत आले नाहीत, शाळाही नाही. त्यांनी ओट्यावर गणिताच्या शिकवण्या सुरू केल्या, आणि आमच्या घरात पुन्हा कोणी त्यांना हळू बोला म्हटलं नाही.