कानात सांगायच्या ओळी आणि माझा कम्प्रेसर

माझ्या स्टुडिओत कम्प्रेसर आहे म्हटलं की पनवेलात हमखास विचारतात, "फ्रीजचा की पंक्चरवाल्याचा?" आधी चिडायचो. आता सांगतो, आवाज दाबायचा. लोखंडी डबा आहे, पुढे चार बटणं आणि एक काटा. गाणारा ओरडला की डबा त्याला दाबतो आणि मग सगळंच वर उचलतो. म्हणून मोठं जरा आवरतं आणि बारीक मोठं होतं.

एसटी स्टँडमागच्या खोलीत मी वीसेक वर्षं हळदीची गाणी रेकॉर्ड करतोय, डीजेवर वाजणारी. त्यात हळू असं काही चालतच नाही. आजकालची पोरं आवाज कच्चा घेतात आणि नंतर कॉम्प्युटरवर काय ते करत बसतात. मी त्यांना हसायचो. माझ्याकडे माईकमधून थेट डब्यात, डब्यातून थेट रेकॉर्डिंगमध्ये. एकदा दाबलं ते पक्कं, मागे फिरणं नाही. माज होता मला त्याचा. दुसरा शब्द नाही.

माझी आई धवलारीण. आमच्या आगरी लग्नात जे विधी होतात ते धवले गाऊन पार पाडणारी बाई. माईकशिवाय अख्खा मंडप भरून टाकायची. पण तिची स्वतःची एक रीत होती. हळद उतरताना ती गाता गाता नवरीजवळ जायची, तिच्या कानाला तोंड लावायची आणि चार ओळी अगदी हळू म्हणायची. त्या तिला तिच्या आईकडून आलेल्या. मंडपात कोणाला ऐकू जायच्या नाहीत. मी तिचा सख्खा मुलगा, मलाही ठाऊक नव्हत्या.

तिच्या गळ्यात गाठ निघाली. जन्मभर मशेरी लावलेली, कोणाला बोल लावणार? डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, पुढच्याच आठवड्यात. माझ्या मुलीचं लग्न दोन महिन्यांवर होतं. आई रडली नाही. "नातीचा धवला मीच म्हननार," एवढंच म्हणाली. "तुज्या डब्यात भरून ठेव."

तिला आणलं, खुर्चीवर बसवलं. काट्याकडे बघून हसली. "मी वरडले का ह्यो मागं पलतो रं. घाबरतो का काय मना?" गिळताना त्रास होत होता, एकदाच म्हणेन म्हणाली. आवाज फाटला तर पुन्हा घेता येणार नाही, ही माझी भीती. म्हणून मी बटण पिळलं, हळदीच्या गाण्यांना पिळतो तेवढंच. जरा जास्तच.

सुरू करण्याआधी तिने बजावलं, "कानातलं आलं का मी हलू म्हननार. तवा पोरीला स्पीकरला कान लावाया सांग. बाकी कोनाला नाय ऐकाया जायाचं." मी हो म्हटलं. खरं सांगतो, माझं लक्ष काट्यावर होतं.

ती गायली. काय गायली ती! कानातल्या ओळी आल्या तेव्हा काचेपलीकडे तिने मान वळवली, पदर तोंडाशी धरला. काचेतून मला नुसते ओठ हलताना दिसत होते. मी हेडफोन काढून ठेवला होता, आईची गोष्ट आईपाशी म्हणून. केवढा शहाणा मी.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक, बोलणं संपलं. घरी आणल्यावर तिला पाटी दिली आणि मोठ्या हौसेने रेकॉर्डिंग लावलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मग कानातल्या ओळी आल्या आणि खोलीत घुमल्या. मंडपात गायल्यासारख्या मोठ्या, पदराची सळसळ, धाप, सगळं. ती दचकली. पाटीवर लिहिलं, "हलू."

मला वाटलं आवाज कमी कर म्हणते. केला. तिने पाटी आपटली. पुन्हा तेच, "हलू." मी आणखी कमी केला. मग ती माझ्याकडे जी बघायला लागली, त्या नजरेने माझ्या टाळक्यात उजेड पडला. तिने जे पदराआड म्हटलं होतं ते माझ्या डब्याने चव्हाट्यावर आणून ठेवलं होतं.

तीन दिवस मी ते रेकॉर्डिंग घेऊन बसलो. त्या ओळी हाताने खाली आणल्या, तर कोणी लांबून बोंबलतंय असं वाटायला लागलं. कच्चं रेकॉर्डिंग असतं तर दोन मिनिटांचं काम. कच्चं कुठून आणू? बायको म्हणाली, राहू द्या, हळदीत कोण एवढं ऐकतं? मी तिच्यावर खेकसलो. ती बिचारी बरोबरच बोलत होती.

हळदीच्या दिवशी आई डीजेच्या मिक्सरजवळ खुर्ची घेऊन बसली. आवाज वरखाली करायची पट्टी कुठली ते तिने मला खुणेने विचारून घेतलं आणि तिच्यावर बोट ठेवलं. धवला सुरू झाला. तिचा आवाज मंडपभर घुमत होता आणि ती मुकी बसून होती. बायका डोळे पुसत होत्या. कानातलं जवळ आलं तसं तिने पट्टी हळूहळू खाली ओढली, पार तळापर्यंत. मंडप चिडीचूप झाला. ती उठली, हळदीने माखलेल्या नातीजवळ गेली आणि तिच्या कानाला तोंड लावलं. ओठ हलले. चार ओळींना लागतो तेवढा वेळ हलले. मग परत येऊन तिने पट्टी वर केली.

पावसाळ्यात ती गेली.

मुलगी माहेरी आली तेव्हा मी विचारलं. म्हणाली, "बाबा, शब्द एकपन नाय कळला. मानेवर नुसता वारा येत होता, तिच्या गळ्यातला. मी मान हलवत राहिले, तिला बरं वाटावं म्हणून."

त्या ओळी आता मला पाठ आहेत. स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर आहेत, मंडपभर ऐकू जातील एवढ्या मोठ्या. मुलीला अजून दिलेल्या नाहीत.