डावीकडे काहीच नाहीये

काका गेल्यापासून हे लिहायचं टाळतोय. आज तेरावा. आता टाळायला दिवसच उरला नाही.

क्लबहाउसमध्ये प्रोजेक्टरपाशी बसून फोनवर टाइप करतोय. संध्याकाळी काकांचा स्लाइड शो आहे. लावणार मी आहे.

केळकर काका म्हणजे गुरुग्रामच्या या सोसायटीतल्या फोटो क्लबचे पडदेवाले. मानेसरच्या गाडीच्या कारखान्यातून रिटायर झालेले.

मी इथला कुणीच नाही. यूपीएससी करायला दिल्लीत आलो, ती अर्ध्यात सोडली, मग या पीजीतून त्या पीजीत. एकदा मित्राबरोबर इथे समोसे खायला आलो, तर आतून आवाज आला, "अडकतेस काय, मेले."

काका पडद्याच्या दोरीला रागावत होते.

एवढ्या काचेच्या टॉवरांमध्ये ते 'मेले' ऐकलं आणि मी थांबलो. थांबलो तो थांबलोच, काकांच्या दोऱ्या ओढायला.

क्लबचा पडदा एकच. जुना, जवळजवळ चौकोनी. फोटो मात्र सगळ्या मापांचे. कुणाचे मोबाइलवरचे उभे, कुणाचे लांबच लांब आडवे. उभा लावला की दोन्ही बाजू रिकाम्या. आडवा लावला की वर-खाली रिकामं.

लोक म्हणायचे, ताणून बसवा ना.

"माणूस ताणायचा नसतो," काका म्हणायचे.

ती रिकामी जागा प्रोजेक्टर काळी दाखवतो असं आपल्याला वाटतं. काळी नसते. राखाडी असते, हलकी चमकते. बघत राहिलं की आत कुणीतरी आहे असं वाटतं.

म्हणून काकांनी पडद्याच्या चारही बाजूंना काळ्या कापडाच्या पट्ट्या लावल्या होत्या. दोरी ओढली की पट्टी सरकते आणि पडदा त्या फोटोच्या मापाचा होतो. कापड पानिपतचं, शिवण काकूंची.

"मराठी माणूस पानिपतहून काहीतरी घेऊन परत आला. इतिहासात नोंद कर," काका म्हणायचे.

भरकटलो. मुद्द्यावर येतो.

काकांचा स्वतःचा शो एकच. दरवर्षी एक फोटो, सोसायटीच्या गच्चीवरून, त्याच कठड्यापाशी उभं राहून.

पहिल्या फोटोत मागे नुसती मोहरी. पिवळीधमक, क्षितिजापर्यंत. मग शेतातून रस्त्याची आखणी. मग क्रेन. मग टॉवर, मग टॉवरच्या मागे टॉवर.

आणि डावीकडे, कठड्याला टेकून, एक मुलगा. स्टुलावर उभा. मग स्टुलाशिवाय. मग मिशी फुटलेला. मग दाढी.

मग नाही.

पुढच्या सगळ्या फोटोंत काकांनी चौकट तीच ठेवली. कॅमेरे बदलले, फोटो आणखी लांबट झाले, डावीकडची जागा तशीच. नुसता कठडा.

लांबट फोटो आमच्या चौकोनी पडद्यावर सबंध दाखवायचा म्हणजे तो लहान होतो. एकदा क्लबातले मल्होत्राजी मागच्या रांगेतून म्हणाले, "केळकर साब, लेफ्ट में तो कुछ है ही नहीं. काट दो, यार. बाकी बड़ा दिखेगा."

काका दोरी हातात धरून म्हणाले, "मंदार है वहाँ."

मल्होत्राजींनी नंतर येऊन त्यांचा हात धरला. त्या दिवसापासून सगळा क्लब समजून चालला की काकांचा मुलगा वारला. मीपण. विचारायचं कसं?

हॉस्पिटलात काका गेले त्या सकाळी काकूंनी पर्समधला फोन माझ्या हातात दिला. "मंदारला कळव."

मी नुसता बघत राहिलो.

"अरे, असा काय बघतोस? कॅनडात असतो. दोघं बोलत नव्हते. कशावरून, ते आता त्यांनाही सांगता आलं नसतं."

गेलेल्या माणसाला मी मेसेज टाईप केला.

'तुमचे बाबा आज सकाळी गेले.' खाली माझं नाव, माझा नंबर.

दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही. अग्नी पुतण्याने दिला.

आज दुपारी काकू इथे आल्या. ट्रायल चालू होती. पडद्यावर शेवटचा फोटो होता, काकांनी याच वर्षी फोनवर काढलेला. सगळ्यात लांबट. निम्मा रिकामा.

त्या उभ्या राहून बघत होत्या. मग म्हणाल्या, "ती डावीकडची जागा काप."

"काकू, काकांना..."

"त्यांना काय, ते गेले. मला इथे बसून बघायचंय. सगळ्यांसमोर नको."

मी कापली. एकेक फोटो घेतला आणि डावीकडून कापत गेलो. स्टुलावरचा मुलगाही गेला. आता सगळे फोटो पडदाभर दिसतायत. मोठे, स्वच्छ. पट्ट्यांची गरजच नाही, त्या वर गुंडाळून ठेवल्यात. मल्होत्राजी म्हणाले, "बिल्कुल परफेक्ट."

आणि मला सारखं वाटतंय की पडद्याच्या बाहेर, डावीकडच्या भिंतीपाशी, कुणीतरी उभं आहे. दोनदा उठून बघून आलो. खुर्च्या आहेत.

काका, तुमचं एकच सांगणं होतं, फोटो आहे तसा सबंध दाखवायचा, आणि तेही मला पाळता आलं नाही. समोर काकू बसल्यात, मी काय करू? जा सावकाश. मोहरी अजून उभी असेल अशा एखाद्या गच्चीवर जा. तुमच्या दोरीवाल्याचा नमस्कार.

पोस्ट करत होतो, तेवढ्यात गेटवरून इंटरकॉम वाजला.

"सर, कोई मंदार केळकर आए हैं. एअरपोर्ट की टॅक्सी है. एंट्री में नाम नहीं है. भेजूँ?"

मी काकूंकडे बघितलं. त्यांनी ऐकलं होतं.

"विचारतोय काय? सोड म्हणावं."

मग पदर सारखा करत म्हणाल्या, "आणि तू ते फोटो होते तसे कर. पट्ट्या खाली घे."