दस्तगीरचाचांची जड बाही

धाराशिवजवळच्या आमच्या धावपट्टीवर कुणीही आलं, की दस्तगीरचाचा आधी एकच विचारायचे, "येताना वारा पाठीवर व्हता का तोंडावर?" मग तो दूधवाला असो, नाहीतर तपासणीला आलेला साहेब. मी विमान शिकायला गेलो तो काळा चष्मा लावून, ऐटीत. मलाही तेच विचारलं. मी म्हणालो, "काय माहीत? गाडीच्या काचा बंद होत्या."

"मंग इमान कशाला शिकता? काचा लावून घरीच बसायचं की!"

चाचा मूळचे भूमचे शिंपी. तयार कपड्यांचा जमाना आला, दुकान बसलं, आणि साठीच्या आसपास ते आमच्याकडे रोजंदारीवर लागले. पट्टीवरच्या शेळ्या हाकायच्या, गवत काढायचं आणि वाऱ्याची बाही सांभाळायची. बाही म्हणजे उंच खांबाला बांधलेली नारिंगी कापडी नळी. वारा कुठून येतो ते तिच्या रोखावरून कळतं, आणि किती जोराचा ते ती किती उचलली जाते त्यावरून. वारा सांगायला आमच्याकडे दुसरं कुणी नव्हतं.

ती बाही उन्हानं विरून फाटली. चाचांनी ऑफिसात तीनदा सांगितलं, नवी आली नाही. शेवटी त्यांनी स्वतःच ताडपत्रीची शिवली. टाके असे, की वादळानं खांब पडला असता, पण शिवण उसवली नसती. फक्त ती जड झाली होती. हे आमच्याआधी त्यांनाच कळलं. प्रत्येक शिकाऊ पोराला गाठून ते सांगायचे, "कापड जाड हाय. अर्धी उचलली तर वारा पुरा समजायचा. माझ्या शिलाईला भुलू नका." आम्ही हसायचो. ऑफिसला हे ठाऊक नव्हतं. आम्हा पोरांना पाठ होतं.

एकट्यानं विमान न्यायची माझी ती चौथी वेळ. चढायच्या आधी चाचा पंखाशी आले. "कॅप्टनसाब, आज आडवा सुटलाय. लई बेकार. जरा थांबा."

शिकाऊ पोराला ते पहिल्या दिवसापासून कॅप्टनसाब म्हणायचे. थट्टा होती ती. मी ती खरी धरून बसलो होतो. म्हणालो, "चाचा, तुम्ही शिलाई बघा, उडायचं आम्ही बघतो."

उतरताना बाही बघितली. अर्धी उचललेली. मी म्हटलं, मंद आहे, खुशाल उतरू. चाक टेकलं आणि वाऱ्यानं उजवा पंख असा उचलला, जसं कुणी बकोटीला धरून उठवतं. अशा वेळी विमान सरळ ठेवायला पायाखालचे दांडे कसे दाबायचे ते वहीत मी लाल शाईनं लिहिलं होतं. वही खोलीवर होती. विमान पट्टी सोडून गवतात घुसलं, पुढचं चाक मोडलं, नाक मातीत रुतलं, पंख्याची पाती वाकली. मला खरचटलंही नाही. तोंडातून पहिला शब्द आईचा निघाला, तोही आठवण म्हणून नव्हे. सगळ्यात आधी धावत आले ते चाचा. चष्मा शोधून, पुसून हातात दिला. "जीव हाय ना? बास."

चौकशीला बाहेरून दोन साहेब आले. मला विचारलं, "बाही कशी दिसली?"

"अर्धी उचललेली, सर."

"म्हणजे वारा मंद?"

"तसंच दिसत होतं, सर."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. मग दाराशी उभ्या चाचांना विचारलं, "हे जाड कापड कुणी लावलं?"

"म्या लावलं, साहेब. नवी मागितली व्हती, आली न्हाय. पर म्या पोरांना..." एवढं बोलून ते थांबले आणि माझ्याकडे बघितलं. पुढचं वाक्य माझं होतं. मी छताचा पंखा बघत होतो.

दोष बाहीवर गेला. मला पुन्हा उडायची परवानगी मिळाली आणि चाचांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. जाताना त्यांनी गवत काढायचा विळा धुऊन, पुसून जागेवर ठेवला. मी खिडकीतून बघितलं. खिडकीची काच बंद होती, हे वेगळं सांगायला नको.

तीन वर्षांनी लायसन घेऊन मी भूमला गेलो. बाजाराचा दिवस होता. चाचा एका दुकानाच्या पायरीवर धान्याची पोती शिवत बसले होते, वाकून, सुई डोळ्यांजवळ धरून. मी खाली बसलो आणि कागद पुढं केला. सगळं लिहून, सही करून आणलं होतं: चाचांनी मला सावध केलं होतं, मी ऐकलं नाही.

"वाचून दाखवा. मला आता दिसत न्हाय."

मी वाचलं. चाचांनी टाका ओढला, दोरा दातानं तोडला.

"ह्यो दिला तर मला परत घेतील?"

"घ्यायलाच लागेल, चाचा."

"आन् माझ्या जागेवर जो लागलाय, त्याचं काय?"

मी कागदाची कड सरळ करू लागलो.

"पोरीचा बाप हाय, म्हणत्यात. त्याला घरी बसवायचं व्हय? त्यानं काय केलंय?" कागद त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला. "हे तवा बोलायचं असतंय, कॅप्टनसाब. आता बोलून दुसऱ्याचं पोट मारू नका."

आता ती थट्टा नव्हती. मी कागदाची घडी करून खिशात घातली आणि एसटी पकडली. वाटेत लाज वाटली, वाईट वाटलं, असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण बस सुटली तेव्हा पहिल्यांदा मला काय वाटलं, ते सांगतो. हायसं वाटलं.