कार्डाचं झबलं

विणून झालेलं झबलं हातात आलं की आपा आधी त्यात कार्ड घालायच्या, मग ते उलटं धरून तीनदा झटकायच्या. कार्ड खाली पडलं तर म्हणायच्या, "उसव." नाही पडलं तर दोन बोटांनी ओढून पाहायच्या. सहज निघालं नाही तरी म्हणायच्या, "उसव." आत नीट राहिलं पाहिजे आणि मागितलं की बाहेर आलं पाहिजे, एवढंच त्यांचं मागणं. तुम्ही म्हणाल, त्यात काय कठीण? मी दोन महिने नुसती उसवत होते.

बरं, "उसव" म्हणून त्या थांबायच्या नाहीत. आपला हात पुढे व्हायच्या आत त्या दोऱ्याचं टोक धरून सर्रकन ओढायच्या. क्रोशाचं काम असं असतं, की शेवटचा टाका बंद केलेला नसला तर एका ओढीत ओळच्या ओळ निघत जाते. दुपारभर केलेलं काम कुरळा दोरा होऊन मांडीवर पडायचं.

झबलं हे नाव त्यांनीच ठेवलेलं. अमरावतीच्या एका कापड दुकानाने आहेराची कार्डं काढली होती. कार्ड द्यायचं, आणि ज्याला मिळालं त्याने दुकानात जाऊन आपल्या पसंतीचं कापड घ्यायचं. पण आपल्याकडे आहेर हातात जड लागावा लागतो. पत्त्याएवढं ते पातळ कार्ड पाकिटातून द्यायला लोकांना लाज वाटायची. आपा तिथे दोरा घ्यायला गेल्या होत्या. त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि शेटाणीला म्हणाल्या, "कपड्याचं दुकान तुमचं, अन् कार्डच उघडं? त्याले एखादं झबलं तं घाला." शेटाणी हसत सुटली आणि तिने झबल्यांचं काम आपांनाच दिलं. वीस साखळ्या, त्यावर खांबांच्या, म्हणजे उभ्या टाक्यांच्या, ओळी, दुमडून दोन्ही बाजू जोडायच्या, वर झाकण आणि मण्याचं बटण.

मी त्यांच्याकडे कशी गेले ते सांगते. आम्ही चांदूर रेल्वेकडचे. लागोपाठ काही वर्षं कापसाने हात दिला नाही, तेव्हा आमच्या यांनी शेत दुसऱ्याला वाहायला दिलं आणि बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर कामाला लागले. त्या दिवसांत आमच्यासारखी पुष्कळ घरं बडनेऱ्यात आली. पुरुषांना काम मिळालं. आम्हा बायकांचे हात मात्र मोकळे झाले, आणि मोकळे हात काय असतात ते वेचणी केलेल्या बाईलाच कळेल. दोन खोल्या सकाळीच आवरून व्हायच्या. मग मी दारात उभी राहायची, आत यायची, पुन्हा दारात. कोणाशी बोलायची हिंमत नव्हती. समोर रेल्वेतून निवृत्त होऊन वारलेल्या माणसाचं घर होतं. ओट्यावर त्याची बायको विणत बसायची. चार-पाच दिवस तिने माझं हे पाहिलं आणि हाक मारली.

"काय व चांदूरवाले, घर मापून राहिली का?"

मी लाजून आत पळाले. ती बाई ओटा उतरून माझ्या दारात आली आणि माझ्या हातात क्रोशाची सुई दिली. "कापूस वेचला न आजवर? आता त्याचा दोरा वेच." त्या आपा. मला त्यांनी शेवटपर्यंत चांदूरवालीच म्हटलं. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

बसून विणणारी बाई म्हटलं की शांत बाई डोळ्यांपुढे येते. आपा तशा नव्हत्या. दोऱ्याची गुंडी कुडत्याच्या खिशात टाकून त्या नळावर विणायच्या, दळणाच्या रांगेत विणायच्या. दुपारी अकोल्याकडची गाडी आली की ओट्यावरून उठायच्या, गल्लीच्या तोंडापर्यंत जायच्या, स्टेशनावरून येणारी माणसं पाहायच्या आणि परत येऊन बसायच्या. बसल्यावर टाके विसरलेले असायचे. मग स्वतःचंच उसवायच्या. मला वाटे, बसून बसून पाय अवघडत असतील.

आम्ही चौघी जणी तिथे विणायचो. एकदा त्यांनी शेजारच्या काकूंचं झबलं तिसऱ्यांदा उसवलं. काकू चिडल्या. "आपा, तुमाले सून असती न, तं आठ दिवसांत पळून गेली असती!"

"सुनेचं काय घेऊन बसली व," आपा म्हणाल्या, "लेक येऊन नाई राहिली."

आपांनी खाली पडलेला दोरा गुंडाळायला घेतला.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच असताना त्यांनी सांगितलं. एकुलती एक मुलगी अकोल्याला दिलेली. पहिलं बाळंतपण तिथेच झालं. बाळ तीन महिन्यांचं असताना आपा पाहायला गेल्या. मुलीने ताटावर झाकायचा रुमाल विणायला घेतला होता, शेवटचा फेर राहिला होता. सासू, नणंदा, दोन पाहुण्या बसलेल्या. मुलीने कौतुकाने रुमाल आईच्या हातात दिला. "अम्मी, पाह्य बरं."

"मले एक खांब सुटलेला दिसला," आपा म्हणाल्या. "अन् माहा हात गेला."

"उसवलं?"

"साऱ्यायच्या देखत. अर्धा रुमाल. मले समजलंच नाई का मी काय करून राहिली. सासू म्हणे, तुमच्या पोरीले काईच येत नाई वाटते. ती उठली, दोरा गोळा केला अन् आत गेली. मी निघाली तई बाहेर आली नाई."

त्यानंतर ना फोन, ना येणं. आपांनी एकदा जाऊन पाहिलं, तर नणंदेने सांगितलं, घरी नाही. चप्पल दारातच होती. अकोल्याच्या गाडीला त्या का उठतात, ते मला तेव्हा कळलं.

उन्हाळ्याच्या तोंडी बांगड्या विकणारी एक बाई अकोल्याहून आली. तिने ओट्यावर टोपली उतरवली आणि बातमी दिली, की आपांच्या नातीची बिस्मिल्ला आहे. त्यांच्याकडे मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की त्याला पहिला धडा देतात, पाहुणे बोलावतात. "तुमाले सांगावा आला का?" तिने विचारलं. आपा म्हणाल्या, "नाई," आणि तिच्याकडून लहान मापाच्या बांगड्या घेऊ लागल्या. मग मापच माहीत नाही म्हणून परत ठेवल्या.

त्या खेपेला दुकानातून मजुरीऐवजी त्यांनी एक कार्ड मागून घेतलं. ते माझ्यापुढे ठेवलं. "याचं झबलं तू कर."

"मी? आपा, तुमी करा न. तुमच्या हाताचं कसं साजरं दिसते."

"माह्या हाताचं ती ओळखन. ओळखलं तं उघडन नाई."

"पण कार्डच काहून? नातीले कपडे घेऊन जा न."

"माही पसंत तिले सांगून सांगून मी तिचं डोकं खाल्लं. आता तिची पसंत ती करन."

मी हिरवा दोरा घेतला, कडेला पांढरा. इतक्या जपून मी काही केलं नव्हतं. जोडताना पाहिलं तर झाकणाजवळ एक खांब सुटलेला. मुगाएवढं भोक. मागे जायचं तर निम्मं उसवावं लागणार, आणि गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची. मी काही बोलायच्या आत आपांनी झबलं घेतलं.

त्यांनी कार्ड घातलं. उलटं केलं. एक, दोन, तीन. पडलं नाही. ओढलं, निघालं. मग त्यांचा अंगठा कडेवरून फिरत फिरत त्या भोकावर येऊन थांबला. शेवटचा टाका अजून मोकळाच होता. दुसऱ्या हाताने त्यांनी दोऱ्याचं टोक धरलं.

"आपा, खांब सुटला हाय," मी म्हटलं. "मीच उसवते."

"दिसला मले."

"मंग?"

त्यांच्या हातातलं टोक ताणलं होतं. मग त्यांनी ते सैल सोडलं. त्यांनी माझ्या हातातून सुई घेतली, शेवटचा टाका स्वतः बंद केला, दोरा कापला.

"दिसू दे," म्हणाल्या.

तरी चैन कुठलं! झबलं पिशवीत टाकलं, पुन्हा काढलं. भोक वर ठेवायचं की खाली, याचा विचार केला. एकदा कात्री घेतली. मी पाहतेय हे दिसल्यावर कात्री परत ठेवली आणि उगाच ओटा झाडायला लागल्या.

सकाळी म्हणाल्या, "चाल माह्यासंगं गाडीपर्यंत." आपांनी माझ्याकडे कधी सोबत मागितली नव्हती. फलाटावर त्यांचे हात रिकामे होते, आणि मी पहिल्यांदाच त्यांना तसं पाहत होते. ओढणीचं टोक गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"दार उघडलं नाई तं व?"

मला मोठ्या माणसांना सांगायला कधी काही सुचत नाही. मी म्हटलं, "तं संध्याकाळच्या गाडीनं परत या. मी वीस साखळ्या घालून ठेवते."

त्या हसल्या. "मोजून घालजो. तुह्या एकोणीसच भरते."

मी साखळ्या घालून ठेवल्या. संध्याकाळी त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, तिसऱ्या दिवशी नाहीत. आता अकोल्याकडची गाडी आली की मी उठायची. गल्लीच्या तोंडाशी जायची, माणसं पाहायची, परत यायची. काही वाईट तर झालं नसेल, असं मनात यायचं. चांगलं झालं असेल, असंही यायचं, आणि मग ओटा रिकामा पाहून उगाच वाईट वाटायचं. आठव्या दिवशी बांगड्यावाली आली. "ती कुठून येते आता!" म्हणाली. "नातीले साखळी शिकवून राहिली."

अधूनमधून निरोप यायचे. चांदूरवालीला सांगा, दोरा सैल धरत जा. आम्ही तिघी पुढे झबली करत राहिलो, मग दुकानाने कार्डंच बंद केली. दुसऱ्या हिवाळ्यात निरोप आला तो आपा गेल्याचा. अकोल्यालाच वारल्या. माझं जाणं झालं नाही.

घर रिकामं करायला त्यांची मुलगी आली. मी तिला ओळखलं ते आपांसारख्या चालण्यावरून. अंगावर भडक पोपटी कुडता. मला पाहून म्हणाली, "तुमीच न चांदूरवाली?" मी मान हलवली. सामान बांधू लागले. मध्येच ती कुडत्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तुमच्या त्या कार्डावर घेतला हा. अम्मीले दाखवला तं तिनं तोंड उघडलं." ती थांबली. "अन् बंद केलं. जिंदगीत पयल्यांदा."

आम्ही दोघी हसलो. मग ती हसायची थांबली आणि तिने पर्स उघडून परतीचं तिकीट पाहायला घेतलं. ते हिरव्या झबल्यात होतं. धुऊन धुऊन रंग उडालेला. झाकणाजवळचं भोक तसंच होतं, उलट थोडं मोठं झालेलं.

"द्या, दोन टाक्यात बुजवते," मी म्हटलं.

"नका." तिने ते मागे घेतलं. "अम्मी शिकवता शिकवता इथं अंगठा ठेवून बसे. माह्या पोरीनं चूक केली का झबलं हाती घ्यायची, अन् अंगठा इथं. मंग दोरा नाई ओढायची."

वेळ पाहून तिने तिकीट परत आत घातलं, झबलं उलटं धरलं आणि तीनदा झटकलं. आपण काय केलं हे तिच्या लक्षातही आलं नसावं. तिकीट पडलं नाही. तेवढ्यात अकोल्याकडची गाडी शिट्टी देत आली, आणि मी हातातलं गाठोडं तसंच सोडून गल्लीच्या तोंडाकडे निघाले.