बैलाचा चौथा पाय

प्रकाशकांचं तिसरं पत्र आलं तेव्हा मी वाशिमच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या बैलबंड्यांना पाळीच्या चिठ्ठ्या फाडून द्यायचं काम करत होतो. हे अकोल्याचे गृहस्थ दर महिन्याला एक रहस्यकथा छापत, आणि ती रेल्वेच्या फलाटापासून आठवडी बाजारापर्यंत खपे. माझी दोन हस्तलिखितं त्यांनी आधीच परत पाठवली होती. तिसऱ्यासोबत तीन ओळी होत्या. ‘तुमच्या प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वाचक समाधानाने पुस्तक मिटतो. मिटलेले पुस्तक तो पुन्हा उघडत नाही. महिन्याच्या आत नव्याने लिहून पाठवा, नाहीतर कृपा करून पुन्हा काहीच पाठवू नका.’

असा संताप आला म्हणता! वाचकाचं समाधान झालं, हा काय गुन्हा आहे? चिडचिड करतच मी हस्तलिखित उघडलं आणि नुसते प्रकरणांचे शेवट वाचत गेलो. पहिल्याच्या शेवटी हरवलेला हार सापडला होता. दुसऱ्याच्या शेवटी जखमी माणसानं डोळे उघडले होते. तिसऱ्यात तर चोरासकट सगळी मंडळी जेवायला बसली होती. मी कपाळावर हात मारून घेतला.

ही खोड कुठून आली ते मला पक्कं ठाऊक होतं. माझे बाबा आमच्या गावी, रिठदला, मारुतीच्या देवळात पोथी वाचत. अध्याय अर्धा टाकून उठायचं नाही, हा त्यांचा नेम. एकदा शेजारच्या गोठ्यानं पेट घेतला, ऐकणारे घागरी घेऊन धावले, आणि बाबा उरलेल्या नऊ ओव्या पुऱ्या करूनच उठले. त्यावरून माय त्यांना आठ दिवस बोलत होती. बाबांचं म्हणणं एकच. “अर्धी कथा टाकली का ऐकणाऱ्याचा जीव टांगनीले लागते. ते पाप हाय.”

नेमकं तेच पाप मला महिन्याभरात शिकायचं होतं. नाही जमलं तर जन्मभर चिठ्ठ्या फाडायच्या. आणि जमलं, तर बाबांना तोंड कसं दाखवायचं?

सुरुवातीला वाटलं, यात काय अवघड आहे? प्रत्येक प्रकरण शेवटाच्या चार पानं आधी तोडून टाकलं. दुपारी जिनाचं इंजिन थोडा वेळ बंद असे. फाटकाबाहेर बंड्यांची लांब रांग, बैल सोडलेले, माणसं सावलीला बसलेली. मी त्यांच्यासमोर वही उघडली. ऐन मारामारीत, सुरा वर उचललेला असताना थांबलो आणि सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. एकानं जांभई दिली. दुसरा म्हणाला, “झालं का बाबू? बरं झालं.” आणि तो बैलांना पाणी पाजायला निघून गेला. महिन्यातले नऊ दिवस संपले होते.

फाटकाजवळ एक म्हातारे चाचा बैलांना नाल ठोकत. बैल दोरानं पाडून, पाय आवळून, ठकठक चालू असायची. मला वाटे त्यांचं माझ्याकडे लक्ष नाही. कसलं काय! हातोडी खाली न ठेवता ते बोलले, “बाबू, तू बैल पाडतच नाई अन् नाल ठोकाले बसतं.”

“म्हणजे?”

“हे पाय. तीन पायांले नाल ठोकली, मालक खूश झाला. चौथा तसाच ठेवला. आता मालक जाईन कुठं? पन पयले तीन ठोकाच लागते. एकबी न ठोकता बसून राह्यलं, तर तो बैल उठवून दुसऱ्याकडं जाते.”

मी तिथंच मातीत बसलो. तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची, चौथं राखायचं. आणि आधी दिलेली तीन खरी असली पाहिजेत, म्हणजे चौथंही मिळेल असा ऐकणाऱ्याला भरवसा वाटतो. इतकी वर्षं मी चारही पाय ठोकून बैल सोडून देत होतो, आणि आता नाल न ठोकताच मालकाला थांबवायला निघालो होतो. दोन्हीकडून गाढवपणा!

मग मी सतरा दिवस लिहिलं. जेवण गोड लागेना, चिठ्ठ्यांवर आकडे चुकायला लागले, मॅनेजर दोनदा अंगावर ओरडला. एका धर्मशाळेत एक कुलूपबंद पेटी सापडते, तिथून गोष्ट सुरू होत होती. तिसऱ्या प्रकरणात पेटी कुणाची, ती कुणी आणली आणि आत काय आहे, हे सगळं मी सांगून टाकलं. आणि शेवटच्या ओळीत दारामागून नायकाला हाक येते, त्याच्या मेलेल्या भावाच्या आवाजात.

चार दिवस उरले असताना मी ते प्रकरण रांगेपुढे वाचायला घेतलं. तिसऱ्या बंडीचा मालक, एक वाळका शेतकरी, खाली उतरून माझ्यापुढे उकिडवा बसला. वाचता वाचता फाटक उघडलं. पहिली बंडी आत गेली, दुसरी गेली. पुकारा झाला, पण याला ऐकूच आला नाही. मागची बंडी त्याच्या बाजूनं पुढे सरकली. मग आणखी एक, मग आणखी दोन. मला सगळं दिसत होतं. एक शब्द बोललो असतो तर तो धावत गेला असता. मी बोललो नाही, वाचत राहिलो. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा छातीत आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, हेही खरंच.

गोष्टीत दारामागून हाक आली, मी वही मिटली आणि भोंगा वाजला. त्या दिवसाचा वजनकाटा बंद झाला. शेतकऱ्यानं मागं वळून पाहिलं. त्याची बंडी एकटी फाटकाबाहेर उभी होती.

“माही पाळी गेली!” तो हातातली बैल हाकायची पराणी उगारून माझ्यावर धावला. “कायले वाचलं बे तू? मुद्दाम केलं ना?”

मी मागं सरकत भिंतीला टेकलो. चाचांची ठकठक थांबली. शेतकऱ्याचे डोळे लाल झाले होते. पराणी माझ्या डोक्यावर तशीच राहिली.

“दारामागं कोन होतं?” तो म्हणाला.

मी वही छातीशी धरली.

“सांग, नाईतर टाळकं फोडतो!”

सांगून टाकावं, असं अगदी जिभेवर आलं होतं. मी बाबांचा मुलगा, टांगणीला लागलेला जीव मला पाहवत नव्हता. चाचांकडे पाहिलं. त्यांनी हळूच नकारार्थी मान हलवली.

“उद्या,” मी म्हणालो.

“हरामखोर!” त्यानं पराणी दाणकन आपटली आणि तो बैलांकडे गेला. दुसऱ्या दिवशी पहिला भोंगा व्हायच्या आत तो फाटकाशी हजर होता. मी त्याला पहिल्या पाळीची चिठ्ठी दिली, लोकांच्या शिव्या खाल्ल्या आणि चौथं प्रकरण त्याला तोंडानंच सांगितलं. दुपारी वही अकोल्याला रवाना केली.

प्रकाशकांनी ती घेतली. वर एक अट घातली, शेवटचं पानही उघडं ठेवा, दुसरा भाग काढू. मी ठेवलं. सगळं रहस्य उलगडतं, चोर पकडला जातो, फक्त नायकाचा म्हातारा बाप घरी परतलेला नसतो.

छापलेलं पुस्तक घेऊन रिठदला गेलो. बाबांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. “पोराचं हाय, एक अध्याय वाचतो,” म्हणाले आणि अंघोळ करून पोथीच्या चौरंगापुढे बसले. खड्या आवाजात त्यांनी वाचायला सुरुवात केली. पहिलं प्रकरण संपलं. बाबा थबकले, माझ्याकडे पाहिलं आणि दुसरं सुरू केलं. अध्याय पुरा होत नव्हता, आणि त्यांना उठता येत नव्हतं. दुपारी मायनं दोनदा हाका मारल्या. सातव्या प्रकरणाला आवाज बसला. मी पाणी पुढे केलं, त्यांनी हातानंच नको म्हटलं. मी दाराशी घामाघूम उभा होतो. आयुष्यात इतकी भीती मला त्या पराणीचीही वाटली नव्हती.

दिवेलागणीला शेवटचं पान आलं. त्यांनी ते उलटलं. पलीकडे कोरा पुठ्ठा होता.

“लेका,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “पाप चांगलं शिकला.”

माय ताट घेऊन आली. “उठा ना आता.”

“कसा उठू? त्याचा बाप कुठं आला घरी?” त्यांनी माझ्याकडे मान वळवली. “पुढं?”

“पुढचं अजून लिवलंच नाई बाबा.”

“मंग मी बसतो.”

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते नुसते बसून राहिले, सुकलेल्या ओठांनी, पुस्तकावर दोन्ही हात ठेवून. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. माय ताट झाकून बाजूला बसली. पुढं काय होतं ते मलाही माहीत नव्हतं. मी बाबांसमोर मांडी घातली आणि त्या गोष्टीतल्या बापाला घरी आणायला लागलो.