खोडलेलं वाक्य

कोबेतल्या एका विद्यापीठात मी जुनी इंग्रजी पत्रं टाइप करते. आरुबाइतो, म्हणजे पार्ट-टाइम काम. इथल्या मुलांना हाताने लिहिलेलं कर्सिव्ह वाचता येत नाही आणि मला ते शाळेतल्या बाईंनी छड्या मारून शिकवलं होतं. कुठली विद्या कुठे कामी येईल, सांगता येत नाही.

नवऱ्याची बदली टोकियोला झाली, तेव्हा या कामासाठीच मी मागे राहिले. भांडण वगैरे काही नाही. तो तिकडे हिगाशी-कसाई भागात, मी इथे. महिन्यातून एकदा येऊन जातो. पुण्यात आईला मात्र हे सांगितलं नव्हतं. बाबा गेल्यापासून ती लहानसहान गोष्टींनी धास्तावते. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर ती जावयाची चौकशी करायची आणि मी सांगायचे, आंघोळीला गेलाय. आठ महिने तो माणूस आंघोळच करत होता.

गेल्या हिवाळ्यात एका ब्रिटिश कॉन्सलच्या, म्हणजे वाणिज्यदूताच्या, पत्रांचे कच्चे मसुदे माझ्याकडे आले. बादशाही चीनमधलं नदीकाठचं बंदर. छावणीतल्या शिपायांचा आवडता सेनापती वरच्या हुकमाने बदलला, म्हणून ते बिथरले आणि त्यांनी शहराच्या वेशी बंद केल्या. गोरे व्यापारी कॉन्सलच्या मागे लागले, की युद्धनौका मागवा. हा पठ्ठ्या दुभाष्याला घेऊन चालत छावणीत गेला, शिपायांचं ऐकून घेतलं आणि ते चिनी अधिकाऱ्याच्या कानावर घातलं. मग जुन्या सेनापतीनेच येऊन त्यांची समजूत काढली आणि चौथ्या दिवशी वेशी उघडल्या.

त्या चारही दिवशी त्याने वरिष्ठांना पत्र लिहिलं. प्रत्येकाची सुरुवात एकच: बंदरात सर्व शांत आहे. आपल्या ‘इकडील सर्व कुशल’सारखी.

तिसऱ्या मसुद्यात मात्र एक ओळ खोडलेली होती. ‘पत्नीला बोटीने पाठवून दिले आहे. घर फार’ एवढंच. पुढे शब्दच नव्हता.

प्रोफेसरबाईंना मी विचारलं, “सेन्सेई, हे गाळू का? त्यानेच खोडलंय.”

“नाही, खोडलेलंही टाइप करायचं,” त्या म्हणाल्या. “लिहिलं तर होतं ना त्याने?”

टाइप करताना मला त्याचा राग आला. अरे बाबा, एवढ्या बंदुकांसमोर गेलास, मग एक शब्द लिहायला काय झालं होतं? पण मी कोणत्या तोंडाने बोलणार? घरी आले, एकटीपुरता भात लावला आणि कुकरसमोर उभी राहून रडले.

त्या रविवारी आईने नेहमीप्रमाणे विचारलं, “जावईबापू कुठे आहेत?”

“आई, तो टोकियोला असतो. आठ महिने झाले. मी इथे एकटीच राहते. दोनच खोल्या आहेत, पण घर फार मोठं वाटतं गं.”

“माहीत आहे मला,” आई म्हणाली.

“कसं काय?”

“तुझ्या मागे ओट्यावर ताट पालथं घातलेलं दिसतं. दर रविवारी एकच.”

“मग विचारलं का नाहीस?”

“तू सांगशील म्हणून थांबले होते.” तिने चष्मा काढून पदराने पुसला. “तुझ्या रात्रीच्या जेवणाच्या वेळी इथे माझा दुपारचा चहा असतो. रोज फोन लावत जा. मीही एकटीच पिते.”